हाच बैल, दुसरा नव्हे

नुसत्या बैलाच्या चित्रात कोणताही बैल चालतो. व्यक्तिचित्रात मात्र हाच बैल दिसावा लागतो, त्याच्या मालकाने लांबून ओळखावा असा. अॅक्रेलिकमध्ये प्राणी रंगवायला शिकणारी आपली बरीच मुले मोबाइलवरचा सिंह नाहीतर पांढरा घोडा समोर ठेवतात. छत्रपती संभाजीनगरात हे फार खटकते. या शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे आणि छावणीत दर गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. प्राण्याचे व्यक्तिचित्र शिकायचे तर त्या बाजारातच शिकावे, असे मला ठामपणे वाटते. देवणी आणि लाल कंधारी या मराठवाड्याच्या स्वतःच्या जाती. देवणीतही वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून भेद पडतात: वानेऱ्याच्या तोंडाच्या बाजू काळ्या, तर शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके. पशुपालक ज्या नजरेने हे भेद ओळखतो, तीच नजर चित्रकारालाही हवी. वशिंडाची ठेवण, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या, वेसणीने नाकाजवळ पडलेला चट्टा यांतून जनावराचे वय आणि त्याने केलेले कष्ट कळतात.

या कामाला अॅक्रेलिक सोयीचे आहे. त्यातले पाणी उडाले की रंग काही मिनिटांत वाळतो, आणि मराठवाड्याच्या उन्हात तर त्याहून लवकर. म्हणून आधी गडद थर देऊन त्यावर फिकट केस ओढता येतात. तैलरंगात त्यासाठी अनेकदा दिवसचे दिवस थांबावे लागते. अडचणीही आहेत. वाळल्यावर हा रंग थोडा गडद होतो, त्यामुळे पांढऱ्या बैलाच्या अंगावरची करडी सावली किंचित फिकटच कालवावी लागते. आणि पांढरे अंग कधी नुसत्या पांढऱ्या रंगाने उभे राहत नाही. सावलीत त्यावर आकाशाची निळी झाक असते, पोटाखाली मातीची पिवळसर. नळीतला तयार काळा तोंडावर थापला की तिथे भोक पडल्यासारखे दिसते. गडद निळा आणि तपकिरी मिसळून केलेला काळा जिवंत वाटतो.

जनावर स्थिर उभे राहत नाही, मग छायाचित्र का नको, असे कोणी विचारेल. आठवणीला छायाचित्र जरूर असावे. पण मोबाइल जवळ धरला की नाकपुड्या फुगतात, कान लहान होतात आणि उन्हातल्या पांढऱ्या अंगातले बारकावे पुसले जातात. दावणीच्या जनावराची पाच-सहा झटपट रेखाटने केली, शेजारी रंगांच्या नोंदी ठेवल्या, तर या चुका दुरुस्त करता येतात. अॅक्रेलिक हे प्लास्टिकच, त्याला तैलरंगाची खोली नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओलसर नाकपुडीवरची मऊ छटा तैलरंगात सहज साधते, हे मान्यच. पण शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्यात चित्रकारांनी डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग कोरड्या गिलाव्यावर लावले. सतराव्या लेण्यातल्या षड्दंत जातकाच्या हत्तींचे वजन, त्यांचा डौल त्या पातळ थरांतूनच उभा राहिला आहे. त्या चित्रकारांनी हत्ती नीट पाहिला होता.

उरतो प्रश्न असे चित्र घेणार कोण याचा. पोळ्याला शिंगे रंगवून बेगड लावणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. यातल्या कित्येकांना नड आली की तीच जोडी गुरुवारी छावणीत आणावी लागते, आणि कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन रिकाम्या हाताने परतावे लागते. त्या घराच्या भिंतीवर त्या बैलाचे चित्र का नसावे?