परवाना मिळाला, पुढे काय?



न्यूझीलंड देश आपल्याला माहीत तो क्रिकेटमुळे, फार तर दुधाच्या भुकटीमुळे. पण तिथला दूध उत्पादक आपल्यासारखाच सहकारातला माणूस आहे. दोन मोठ्या दूध संस्था आणि तिथले डेअरी बोर्ड एकत्र होऊन २००१ साली फोन्टेरा ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्यावर होतो तसा आरोप त्यांच्यावरही होतो, की पाणी तुम्हीच पिता आणि नद्याही तुम्हीच घाण करता. त्या आरोपापायी तिथे जे घडले ते आपण समजून घेतले पाहिजे.

तिकडे पाण्याचा कारभार प्रादेशिक परिषदांकडे आहे. १९८९ साली त्या स्थापन झाल्या, आणि त्यांच्या हद्दी बहुतांशी नद्यांच्या खोऱ्यांवरून आखल्या गेल्या. १९९१ च्या कायद्याने नदीतून किंवा बोअरमधून मोठा उपसा करायचा, सांडपाणी सोडायचे, तर परिषदेची परवानगी घेण्याची पद्धत आली. घरच्या गरजेला आणि जनावरांना पाजायला मात्र परवाना लागत नाही. परवान्याला मुदत असते, फार तर ३५ वर्षे. तपासणीचा खर्च परवानाधारकाकडून वसूल करता येतो. कागदावर सगळे ठाकठीक.

आता गंमत बघा. २००३ साली फोन्टेरा, सरकार आणि परिषदा यांच्यात करार झाला. गाई ओढ्यात उतरू द्यायच्या नाहीत, काठाने कुंपण घालायचे. पुढे २०१०-११ सालचे आकडे आले. संस्थेच्या स्वतःच्या पाहणीप्रमाणे ८४ टक्के शेतांवर काम झालेले. तिथल्या शेती खात्याने नमुन्याची शेते स्वतः तपासली, तर पुरता बंदोबस्त निघाला ४२ टक्के शेतांवर. बरोबर निम्मा!

शेतकरी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. कुंपण आहे का विचारले की माणूस आहे म्हणतो, टोकाचा तुकडा राहिलेला त्याच्या हिशेबात नसतो. आपण लागणीची नोंद देताना काय करतो? बांधासकट एकर सांगतो. म्हणून तर शेतकी खात्याचा माणूस प्लॉटवर येऊन मोजणी करतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट काट्याबद्दल आपणच दर साली ओरडतो, की कारखान्याचा काटा कारखान्याने तपासून भागत नाही, वजनमापे खात्याने तपासला पाहिजे. हे म्हणणे रास्तच आहे. मग जो न्याय उसाच्या वजनाला तो पाण्याला का नको?

न्यूझीलंडमध्ये २०१० साली नियम झाला, की परवान्याने सेकंदाला ५ लिटर किंवा जास्त उपसा करता येत असेल तर मीटर बसवायचे. आपल्याकडची पाच हॉर्सपॉवरची मोटर, उचल बेताची असली तर, एवढे पाणी सहज देते. म्हणजे ही अट कुणा बड्या जमीनदारापुरती नव्हे. नळातले मीटर पाच टक्क्यांपेक्षा जास्त चुकता कामा नये आणि दर पाच वर्षांनी त्याची पडताळणी झाली पाहिजे. २०२० साली नियम आणखी कडक झाला. दर पंधरा मिनिटांची नोंद आणि ती रोज परस्पर परिषदेकडे. सेकंदाला २० लिटर आणि त्यावरच्या उपशांना त्यासाठी सप्टेंबर २०२२ ची मुदत होती.

आता कुणी म्हणेल, मीटर बसले की पट्टी वाढणार, पाणी कापणार. भीती खोटी नाही. पण नदी आटते तेव्हा काय होते ते आठवा. वरचा उपसतो, खालचा बोंबलतो, आणि कोण खरे बोलतो याचा पुरावा कुणाकडेच नसतो. तिकडे बऱ्याच परवान्यांत नदीची किमान धार ठरलेली असते. धार त्याखाली गेली की उपसा कमी करायचा किंवा थांबवायचा. कोण थांबला, कोण नाही, हे मीटर सांगते. शेपटाकडच्या शेतकऱ्याला याहून मोठा वकील कुठला?

देखरेख करणाराच झोपला तर काय होते, हेही तिकडे दिसले. ऑगस्ट २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थ या सुमारे १४ हजार वस्तीच्या गावात जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांची घाण बोअरच्या पाण्यात उतरली आणि चौकशी समितीच्या अंदाजाने सुमारे साडेपाच हजार माणसे आजारी पडली. काही दगावलीही. बोअरला परवाना होता, परवान्यात अटी होत्या. भूजलाची राखण करण्यात परिषद कमी पडली, असा ठपका समितीने ठेवला. पाणी पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेलाही सोडले नाही. कँटरबरी भागात तर पाण्याच्या कारभारावरून सरकारने २०१० साली निवडून आलेले सभासद घालवून प्रशासक बसवले. पूर्ण निवडणूक व्हायला २०१९ उजाडले. प्रशासक म्हणजे काय, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडेही कागद कमी नाहीत. १९७४ चा जल प्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आहे. २०१६ च्या अधिसूचनेने साखर कारखान्याच्या सांडपाण्याला गाळलेल्या उसाच्या टनामागे २०० लिटरची मर्यादा घातली. रोज पाच हजार टन गाळप धरले तर दहा लाख लिटर झाले. दहा लाख सुटतात की पंधरा, हे नाल्याकाठच्या सभासदाला कसे कळावे? हंगाम सुरू झाला की तो विहिरीचे पाणी हुंगून बघतो, एवढेच त्याचे मीटर. मंडळाकडे आकडे जात असतील, पण ऊस घालणाऱ्या मालकापर्यंत ते येत नाहीत.

म्हणून माझी संचालक मंडळाला सूचना आहे. गाळप आणि उतारा आपण या अंकात छापतोच. त्याच्याच शेजारी नदीतून किती पाणी घेतले, नाल्यात किती सोडले आणि तपासणी कुणी, कोणत्या तारखेला केली, हे तीन रकाने वाढवावेत. संमतिपत्रातल्या अटी सोप्या मराठीत लिहून प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावाव्यात. आणि आपल्या उपसा सिंचन योजनांवर मीटर बसवायचा विषय निघेल तेव्हा सभासदांनीही पाठ फिरवू नये. काट्यापुढे उभे राहून बरोबर वजन मागणाऱ्याला पंपापुढे उभे राहून मीटर नको म्हणता येणार नाही. या दोन्ही गोष्टी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. विषय लेखी द्यावा लागतो, तो मी मुदतीत देणार आहे. ज्यांना अनुमोदक म्हणून सही करायची असेल त्यांनी आपला सभासद क्रमांक घेऊन यावे.