शेवटच्या रकान्यापाशी

स्क्रीन रीडरवर एकेक रकाना ऐकत अंध माणूस सरकारी संकेतस्थळावर अख्खा अर्ज भरतो आणि शेवटी कॅप्चापाशी अडतो. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं स्क्रीन रीडरला वाचताच येत नाहीत. मग शेजारच्या मुलाला हाक मारायची, आधार क्रमांक नि ओटीपी त्याच्या हाती द्यायचा. याला मी सेवा म्हणणार नाही. कॅप्चाला आवाजाचा पर्याय देणं काही अवघड नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगमता बंधनकारक केली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. अधिकाऱ्यांनो, संकेतस्थळाचं बिल मंजूर करण्याआधी एका अंध नागरिकाला तुमच्यासमोर तो अर्ज एकट्याने भरू द्या.