डाळ आणि तिचा दाम

डाळ महागली म्हणजे घरोघर तक्रार सुरू होते. ती स्वस्त झाली म्हणजे कोणी चकार शब्दही काढीत नाहीं. हा आपला स्वभाव कडधान्यांच्या शेतीस घातक होत आहे, असें आमचें मत असून तें विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कडधान्यांची योग्यता पाहूं. ज्वारी, कापूस व ऊस हीं पिकें जमिनींतील नत्र घेतात. तूर, मूग, उडीद व हरभरा यांची रीत निराळी. यांच्या मुळांवर गांठी असतात व त्यांत सूक्ष्म जंतू राहतात. झाड जंतूंस साखर पुरवितें. जंतू हवेंतील नत्र झाडास घेतां येईल अशा रूपांत देतात. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ सालीं ही गोष्ट जगापुढें मांडिली. आमच्या शेतकऱ्यांस जंतू ठाऊक नव्हते. परंतु मुगाचा किंवा हरभऱ्याचा बेवड चांगला, हें ते अनुभवानें जाणत होते. कापसांत तुरीच्या ओळी टाकण्याचा त्यांचा परिपाठही जुनाच आहे. शिवाय १०० ग्रॅम तूरडाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. भात-भाकरीची उणीव ही डाळ भरून काढिते.

तथापि ‘कडधान्यें पेरा’ एवढा उपदेश करून भागत नाहीं. २०१५ सालीं तूरडाळ किलोस २०० रुपयांच्या घरांत गेली. पुढील वर्षीं शेतकऱ्यांनीं तूर अधिक पेरिली, पाऊस बरा झाला व पीक उदंड आलें. तें २०१६ साल संयुक्त राष्ट्रांनीं कडधान्यवर्ष म्हणून ठरविलें होतें! सरकारचा आधारभाव बोनस धरून क्विंटलास ५,०५० रुपये होता. बाजारभाव त्याच्याही खालीं उतरला. २०१७ सालीं महाराष्ट्रांत खरेदीकेंद्रांपुढें शेतकरी पोतीं घेऊन तिष्ठत राहिले. अशा शेतकऱ्यानें पाण्याची सोय होतांच ऊस लाविला, तर त्यास दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

आमच्या मतें आधारभाव जाहीर करणें पुरेसें नाहीं. माल वेळेवर घेतला पाहिजे व पैसाही वेळेवर दिला पाहिजे. भाव पडला असतां पिकविणाराचें काय झालें, याची चौकशी खाणारानेंही करावी. विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यांत मुगाचें एक रोप हळूच उपटून त्याच्या मुळावरील गांठ कापून पाहावी. आंत तांबूस रंग दिसला तर ती कामावर आहे असें समजावें. तींतील जंतू थोड्या साखरेवांचून दुसरी मजुरी मागत नाहींत; परंतु त्यांस शेतांत राबविणाऱ्या शेतकऱ्यास मजुरी लागते, व ती त्याच्या पदरांत पडलीच पाहिजे.