अनवधानाचे अतिक्रमण आणि भाडेपट्टा

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठावर जी पेठ अफझलगंज म्हणून ओळखली जाते, तिचा जन्मच मुळी सरकारी जमिनीच्या वाटपातून झालेला आहे. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी आपल्या कारकीर्दीत, म्हणजे १८५७ ते १८६९ या काळात, धान्याच्या व्यापाऱ्यांना व्यापारासाठी ही जमीन दिली आणि पेठेला त्यांचेच नाव पडले. सत्ताधीशाने जमीन द्यावी, व्यापाऱ्याने तिच्यावर दुकान थाटावे, आणि जागा कोणाच्या मेहेरबानीची याविषयी दोघांच्याही मनात संदेह नसावा, असा तो काळ होता. आज त्याच पेठेतील एखाद्या दुकानाचा पुढचा हातभर भाग कोणाच्या मालकीचा, असे विचारले तर महसूल खाते, महानगरपालिका आणि खुद्द दुकानदार यांची उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

गोमंतकातील वाचकाला अफझलगंजाचे सोयरसुतक कशाला, अशी शंका कोणी काढील. परंतु पत्रादेवीपासून पोळेपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेने जे गाडे आणि जी दुकाने उभी आहेत, त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न २०२५ सालापासून उभा ठाकला आहे. जुन्या आणि दाटीच्या पेठेत तो अधिक ठळकपणे दिसतो, म्हणून आम्ही आरंभ तेथून करीत आहोत.

हैदराबादेत दुकानाच्या गाळ्याला 'मुलगी' म्हणतात. 'मुलगी भाड्याने देणे आहे' अशी पाटी वाचून नवखा मराठी माणूस दचकल्यावाचून राहणार नाही. ही मुलगी सरकारी जमिनीवर कशी सरकते, हे पाहण्याजोगे आहे. प्रथम दुकानापुढे एक ओटा होतो. ओट्यावर पावसासाठी पत्रा येतो, पत्र्याला आधार म्हणून खांब येतात आणि एके दिवशी दोन खांबांच्या मध्ये शटर बसते. या चार पायऱ्या चढावयास कित्येकदा दोन पिढ्या लागतात. बाप जातो, मुलगा वाटणीत दुकान घेतो, तो ते तिसऱ्याला विकतो आणि खरेदीखतात चतुःसीमा लिहिली जाते, 'पूर्वेस रस्ता'. तो रस्ता नेमका कोणत्या दगडापासून सुरू होतो, हे खतात नसते. शेवटच्या खरेदीदाराने पूर्ण किंमत मोजलेली असते, व्यापार परवाना काढलेला असतो, वीज आणि नळ घेतलेला असतो, आणि त्याच्या दुकानाचा तिसरा हिस्सा सरकारी जमिनीवर असतो. हा मनुष्य चोर आहे काय?

अशा घोटाळ्याला हैदराबादेत इतिहासाचीही साथ मिळाली. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने मुसीचे दोन्ही काठ धुऊन नेले. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, ते झाड आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात दाखविले जाते. विश्वेश्वरय्यांनी पूरनियंत्रणाची योजना आखली, १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले, काठ मोकळे करण्यात आले, रस्ते नव्याने आखले गेले. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले आणि १९४९ मध्ये निजामांची खाजगी मिळकत, जिला सर्फ-ए-खास म्हणत, तीही सरकारी महसुलात मिसळली. काल जो निजामांच्या खाजगीचा भाडेकरू होता, तो अशा रीतीने सरकारचा भाडेकरू झाला. त्याच्या हातातील उर्दू कागद मात्र तोच राहिला. सुदैवाने याच शहराचे १९१२ ते १९१५ या काळात लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली झालेले अत्यंत बारकाईचे नकाशे उपलब्ध आहेत. मनात आणले तर कोणती भिंत तेव्हाची आणि कोणती नंतरची, हे आजही ठरविता येईल. मनात आणणे हेच अवघड आहे.

सरकारने आजवर तीन मार्ग चोखाळले. पहिला पाडापाडीचा. तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये 'हायड्रा' ही स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि तलाव, नाले व सरकारी जमिनी यांवरील बांधकामांवर यंत्रे चालू लागली. यातील काही कारवाई अत्यावश्यक होती, याविषयी आम्हांला शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. परंतु रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांना हे संरक्षण दिले नाही. ओट्यावरचे दुकान म्हणजे या अपवादात सापडणारे दुकान होय.

दुसरा मार्ग मालकी देऊन टाकण्याचा. तेलंगण सरकारने ३० डिसेंबर २०१४ रोजी ५८ आणि ५९ क्रमांकाचे आदेश काढले. २ जून २०१४ पूर्वीच्या अतिक्रमणांपैकी १२५ चौरस यार्डांपर्यंतची गरिबांची घरे फुकट नियमित करावयाची आणि त्यापुढच्या क्षेत्रासाठी टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमत घ्यावयाची, अशी ती योजना. बेघराला छप्पर देण्यासाठी सरकारने जमिनीवरील हक्क सोडला, तर त्याविरुद्ध बोलण्यास जीभ रेटत नाही. परंतु व्यापाराच्या जागेची गोष्ट वेगळी आहे. एकदा विकलेला रस्त्याचा तुकडा पुन्हा सरकारकडे येत नाही. उद्या रस्ता रुंद करावयाचा झाला, गटार न्यावयाचे झाले, तर आपणच स्वस्तात दिलेली जमीन सरकारला भरपाई देऊन परत घ्यावी लागेल. शिवाय अशा योजनांची मुदत एकदाच संपत नाही. तेलंगणात ती पुढे २०२० पर्यंत वाढविण्यात आली, आणि ज्याने २०१४ नंतर बांधले तोही पावन झाला. पुढच्या तारखेची वाट पाहणारे आज पाया खणीत असतील, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि आमच्या मते सर्वांत वाईट. मद्रास इलाख्यात १९०५ साली झालेल्या जमीन अतिक्रमण कायद्याने अतिक्रमण करणाऱ्याकडून दरसाल आकार आणि दंड वसूल करण्याची तरतूद केली. तमिळनाडूत या नोटिशीला 'बी मेमो' म्हणतात. मूळ हेतू शिक्षेचा होता. प्रत्यक्षात झाले ते असे, की दंडाची पावती हाच कब्जाचा पुरावा होऊन बसला. वीस वर्षांच्या पावत्यांची चळत घेऊन मनुष्य कचेरीत येतो आणि म्हणतो, 'मी सरकारचा नियमित भरणादार आहे.' सरकारला भाडे मिळाले नाही, अटी घालता आल्या नाहीत, जागाही मोकळी झाली नाही. आणि दुकानदारालाही उद्याची शाश्वती मिळाली नाही. अशा पावतीच्या आधारे कनिष्ठ कर्मचारी दरवर्षी दुकानावर येतो, आणि त्याच्या येण्याचा खर्च पावतीवर लिहिलेला नसतो.

आमचे म्हणणे असे, की जेथे अतिक्रमण खरोखर अनवधानाचे आहे, वापर व्यापाराचा आहे आणि जागा सार्वजनिक उपयोगाच्या आड येत नाही, तेथे मुदतीचा भाडेपट्टा हाच न्याय्य तोडगा आहे. मालकी सरकारची राहते, दुकान चालू राहते, आणि मागील थकबाकीसह बाजारभावाने भाडे तिजोरीत पडते. अमेरिकेत सुमारे चोवीस कोटी पन्नास लाख एकर सार्वजनिक जमीन ज्या खात्याच्या ताब्यात आहे, त्या भूव्यवस्थापन खात्याला १९७६ च्या कायद्याने असे पट्टे देण्याचा अधिकार मिळाला. एखाद्या व्यावसायिकाची इमारत वा आवार चुकून सरकारी हद्दीत गेले, तर त्याला लिलावाशिवाय थेट पट्टा देता येतो. मात्र खाते आपला हेतू जाहीर करते, लोकांच्या हरकतींसाठी मुदत ठेवते, मागील वर्षांचे भाडे आणि कागदपत्रांचा खर्च त्याच्याकडूनच घेते, आणि वापर जाणूनबुजून केलेला असल्यास आकारणी वाढवते. अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय असते असे नव्हे. येथे मात्र त्यांनी चुकणारा आणि लुबाडणारा यांच्यात फरक केला आहे.

तसे पाहता आपल्याकडेही असे तत्त्व नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ५१ पाहावे. जिल्हाधिकारी अतिक्रमण करणाऱ्याच्या विनंतीवरून, जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम घेऊन, अटींवर ती जागा त्याला देऊ शकतात. परंतु त्यापूर्वी जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती ऐकल्या पाहिजेत, आणि त्या सूचनेचा खर्चही अतिक्रमण करणाऱ्यानेच सोसावयाचा. कायदा करणाऱ्यांची दृष्टी किती स्वच्छ होती, हे या शेवटच्या वाक्यावरून दिसते.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो दुबळा नाही. शेजारच्या दुकानदाराने लिलावात बोली लावून पालिकेचा गाळा घेतला, वेळेवर भाडे भरले. आणि ज्याने रस्ता दाबला त्याला घरबसल्या पट्टा मिळाला, तर प्रामाणिक मनुष्याने काय बोध घ्यावा? सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करण्यास कडक शब्दांत मनाई केली आणि भूमिहीनांना दिलेले पट्टे, शाळा, दवाखाना असे मोजकेच अपवाद ठेवले, ते याच भावनेतून. म्हणूनच भाडे सवलतीचे असता कामा नये. लिलावात बोली लावणाऱ्याला जे द्यावे लागले, त्याहून ते एक पैसाही कमी असू नये. पट्टा विकता येऊ नये, गहाण टाकता येऊ नये. आणि 'अनवधान' हा शब्द दुकानदाराच्या प्रतिज्ञापत्रावरून नव्हे, तर मोजणीवरून ठरावा. नोटीस चिकटवल्यानंतर रातोरात वरचा मजला चढविणाऱ्याचे अनवधान आम्ही तरी मानणार नाही.

दुसरा धोका मुदतीच्या शेवटी असतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतर घोडे धावत राहिले, पट्टा मात्र नव्हता. सुमारे १२० एकर जागा पालिकेकडे आणि ९१ एकर पुढील पट्ट्यावर टर्फ क्लबकडे, असा निर्णय होण्यास २०२४ साल उजाडले. ज्या जागेकडे सगळ्या मुंबईचे डोळे लागलेले, तिची ही गत. मग अफझलगंजच्या बोळातील दहा चौरस यार्डांचा पट्टा कधी संपला, हे कोण पाहणार? पट्ट्याच्या मुदतीची नोंद ठेवणारा माणूस नेमल्याशिवाय पट्टे देऊ नयेत, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

आणि काही जागा अशा आहेत, की तेथे कितीही भाडे मिळाले तरी पट्टा देता कामा नये. अफझलगंजला लागूनच मुसीच्या पात्रातील इमलीबनात सरकारने स्वतः भले मोठे बसस्थानक बांधले. १९९४ पासून ते वापरात आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि नदी त्या बसस्थानकात शिरली. प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीने सरकारी परवानगी पाहिली नाही. त्याच नदीपात्रातील झोपड्यांवर २०२४ मध्ये लाल खुणा करणाऱ्या सरकारने आपल्या बसस्थानकावरही एखादी खूण करून पाहावयास हरकत नव्हती.

आता गोव्याकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ६ मार्च २०२५ रोजी रस्त्यांच्या कडेची आणि शेतांतील बेकायदा बांधकामे हटविण्याचे आदेश दिले आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली. त्यानंतर त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची सरकारी जमिनीवरील राहती घरे नियमित करण्याची वाट काढली. राहत्या घरांची सोय झाली. दुकानांचे काय, हे विचारावयाचे राहून गेले. घराच्या पुढच्या खोलीत किराणा मालाचे दुकान असलेले कुटुंब कोणत्या रकान्यात बसते? तीस वर्षे पंचायतीला कर भरणाऱ्या आणि रस्ता रुंद झाल्यावर अचानक सरकारी हद्दीत सापडलेल्या गाडेवाल्याचे काय? आमच्याकडे मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने राहत्या घराचे संरक्षण मिळाले. पोटापाण्याच्या जागेला तसे संरक्षण नाही, आणि मालकीच्या रूपाने ते असूही नये. भाडेपट्टा नेमका याच पोकळीत बसतो.

सरकारने यासाठी स्वतंत्र तरतूद आणावी आणि ती तोकडी ठेवावी. खाजन, नदीकाठ, किनारी नियमन क्षेत्र आणि रुंदीकरणात येणारा रस्ता पूर्णपणे वगळावा. मुदत दहा वर्षांपेक्षा अधिक नसावी. भूमी अभिलेख खात्याने मोजणी करून एक-चौदाच्या उताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय एकही अर्ज पुढे जाऊ नये. अर्जदारांची यादी, प्रत्येकाचे क्षेत्रफळ, ठरलेले भाडे आणि थकबाकीचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर किमान महिनाभर लावावा, आणि हरकतींची सुनावणी तालुक्याच्या कचेरीत न घेता त्या त्या गावात घ्यावी. पट्ट्याचा मसुदाही मराठीत आणि कोकणीत छापलेला असावा, म्हणजे ज्याला खाली सही करावयाची आहे त्याला, दहा वर्षांनी जागा रिकामी करण्याचे आपण आजच कबूल करीत आहोत, हे स्वतः वाचता येईल.