'तुला नाही कळणार' म्हणायच्या आधी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीतला माझा भाऊ आईवर वैतागून म्हणाला, "मला जरा स्पेस दे ना!" आई गप्प बसली. संध्याकाळी तो क्लासवरून आला, तर त्याच्या कॉटजवळचं दादरचं पोतं जागेवर नव्हतं. आईनं ते एकटीनं ओढत नेऊन ओट्याखाली सरकवलं होतं. म्हणाली, "ले, जागा करी दिन्ही तुले."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. रात्री मात्र मला झोप येईना. तिला तो शब्द कळला नव्हता, तरी तिनं जमेल ते केलं होतं. आणि आपल्याला नेमकं काय हवंय, हे आम्ही तिला तिच्या भाषेत एकदाही सांगितलं नव्हतं.

देवपुरात शिकणाऱ्यांना आमच्या घराचं वर्णन सांगायला नको. पांझरेच्या या काठावर कॉलेजांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये अशी घरं बरीच सापडतील. वडील गावी शेतात, आई पोरांना घेऊन इथं भाड्याच्या दोन खोल्यांत. आमचे आप्पा साक्री तालुक्यात कांदा पिकवतात आणि आठ-पंधरा दिवसांनी एसटीनं येतात. आई-आप्पा एकमेकांशी अहिराणीत बोलतात, आमच्याशी अर्धी अहिराणी, अर्धी मराठी. आणि आम्ही? आम्ही रीलच्या भाषेत उत्तरं देतो. प्रायव्हसी, बाउंड्री, टॉक्सिक, मूड ऑफ. समोरच्याला कळलं नाही की ठरलेलं वाक्य तयारच असतं: "जाऊ दे, तुला नाही कळणार."

'जनरेशन गॅप' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मास कॉमच्या अभ्यासात मला मार्गारेट मीड या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई भेटल्या. पिढ्यांमधल्या या दरीवर त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की जग इतक्या झपाट्यानं बदललंय की मोठी माणसं काळाच्या बाबतीत स्थलांतरित झाली आहेत. गाव न सोडताही ती परक्या मुलखात येऊन पडली आहेत आणि तो मुलूख त्यांच्या मुलांच्या मात्र ओळखीचा आहे.

आपले आई-बाप तर दुहेरी स्थलांतरित. गावातून देवपुरात आले आणि त्यांच्या काळातून आपल्या काळात. परक्या मुलखात माणसाला दुभाषा लागतो. ते काम आपण करतोही. पीएम किसानची ई-केवायसी कोण करतं? बँकेचा मेसेज कोण वाचून दाखवतं? "ओटीपी कोणालाच सांगायचा नाही" हे आपण दहा वेळा समजावतो. मग 'मला टेन्शन आलंय', 'मला ही साइड नकोय', 'तो फक्त मित्र आहे', हे एकदा तरी का समजावत नाही? तिथं आपण भांडण आपल्या भाषेत करतो, त्या भाषेत त्यांना हरवतो आणि वर म्हणतो, यांना काही कळत नाही.

थांबा, मी मोठ्यांची वकिली करत नाहीये. त्यांच्या चुका मलाही तोंडपाठ आहेत. शेजारच्या पोराचे मार्क, 'लोक काय म्हणतील', न विचारता मोबाइल उघडून बघणं. मुलीनं सातच्या आत घरी, मुलगा दहाला आला तरी चालतो. हे चूकच आहे आणि चूकच म्हणायचं. काही बाबतीत तर समजावूनही उपयोग होत नाही, हेही खरं. तरी माझा मुद्दा राहतोच: 'ते ऐकत नाहीत' आणि 'आपण सांगितलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली आपल्या घरात कोणती, हे आधी तपासू या.

बारावीनंतर मी पत्रकारिता करायचं म्हटलं तेव्हा आप्पा दोन महिने माझ्याशी नीट बोलले नव्हते. मला वाटायचं, जुने विचार, दुसरं काय. पोत्याच्या त्या प्रसंगानंतर ते देवपूरला आले, तेव्हा जेवताना मी सहज विचारलं, "आप्पा, तुम्ही सतरा वर्षांचे होते तेव्हा तुम्हाला काय व्हायचं होतं?" घास हातात धरून ते बघत राहिले. आयटीआय करून वायरमन व्हायचं होतं म्हणे. तीन भावांत एकानं शिकायचं आणि दोघांनी शेती बघायची, असं आजोबांनी ठरवून टाकलं. मग शांतपणे म्हणाले, "माले कोनी इचारंच नही."

म्हणजे मी ज्याला हट्टीपणा समजत होते, ती भीती होती. ज्या माणसानं स्वतःसाठी कधी काही निवडलंच नाही, त्याला मुलीनं निवडलेल्या रस्त्याची भीती वाटणारच. त्या रात्री त्यांनीही विचारलं, "यामा पगार कितला भेटस?" या वेळी मी चिडले नाही. आता इंटर्न आहे, फार नाही मिळत, असं खरं ते सांगितलं. ते खूश झाले नाहीत. पण वर्षभर बघू म्हणाले. आमच्यातली दरी बुजली असं मी म्हणणार नाही. फक्त आता आम्ही खऱ्या मुद्द्यावर भांडतो.

आपल्या खान्देशातच याचं एक मोठं उदाहरण आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव शिकलेला, स्वतः नावाजलेला कवी. 'आई, तुला कवितेतलं काय कळतं' असं त्यांना सहज म्हणता आलं असतं. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं त्या ओव्या लिहून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ते लिखाण आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. पोरांनी कान दिला नसता, तर ती गाणी जात्याजवळच संपली असती. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, २०१८ पासून. तुमची मार्कशीट काढून बघा. अक्षरओळख नसलेल्या एका आईचं नाव तिच्यावर छापलेलं आहे.

आपल्या आया काही सगळ्या बहिणाबाई नाहीत. आपण तरी कुठे सोपानदेव आहोत? पण त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी नक्की आहे आणि आपण हेडफोन लावून बसलोय.

म्हणून या रविवारी एवढंच करा. एक प्रश्न विचारा: "तुम्ही माझ्या वयाचे होते तेव्हा काय व्हायचं होतं?" मध्ये न बोलता उत्तर ऐका. मग तुमची एक अडचण त्यांना सांगा, पण ते जी भाषा बोलतात तिच्यात. अहिराणी तुटकी-फुटकी आली तरी चालेल, ते हसतील फार तर.

परवा मी आईला 'स्पेस' म्हणजे काय ते समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसं व्हय! ते माले बी पाहिजे."

हे मात्र आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.