ठोक मानधनावरचे डॉक्टर

मानधन हा मराठीतला एक सोज्वळ शब्द. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, वृद्ध कलावंताला मानधन द्यावे. ज्याच्या कामाचे मोल पैशात करता येत नाही त्याच्यापुढे ठेवलेली ती आदराची खूण. आमच्या नगरप्रशासनाने मात्र या शब्दाला ‘ठोक’ हे विशेषण जोडून त्याचा अर्थच पालटून टाकला आहे. नवी मुंबई महानगरपालिकेच्या रुग्णालयांसाठी भिषक, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी हवेत, नेमणूक करार पद्धतीने, ठराविक मुदतीपुरती, ठोक मानधनावर, निवड थेट मुलाखतीने, अशा आशयाच्या जाहिराती येथील नागरिकांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. ठोक मानधन म्हणजे ज्यात मान नाही आणि पुढल्या वर्षाची शाश्वतीही नाही असे धन. त्यावर नेमलेल्या माणसाला वेतनश्रेणी नसते, सेवाज्येष्ठता नसते, पदोन्नती तर नसतेच. ज्या पदावर तो आज रुजू झाला त्याच पदावर, पुन्हा मुलाखत देऊन, तो दोन वर्षांनी रुजू होतो. मधल्या काळात त्याने किती प्रसूती सुखरूप केल्या याची नोंद त्याच्या सेवेत होत नाही. कारण नियमाच्या दृष्टीने त्याला सेवाच नाही.

हे एखाद्या दरिद्री नगरपरिषदेत घडत असते तर आम्ही सरकारी अनुदानाकडे बोट दाखवून थांबलो असतो. परंतु नवी मुंबई हे योजून वसविलेले शहर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातजमिनी आणि मिठागरे ‘सार्वजनिक हिता’च्या नावाने संपादन करण्यात आली. १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच जणांनी प्राण दिले. त्या रक्ताने पावन झालेल्या भूमीवर पुढे कोणते सार्वजनिक हित उगवले? नेरूळ आणि कामोठे येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली, काहींना अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला, पंचतारांकित रुग्णालये आली. १९९२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिने वाशीला स्वतःचे मोठे रुग्णालय बांधले. पुढे त्याच इमारतीचा काही भाग खाजगी रुग्णालयाला भाडेपट्ट्याने देण्यात आला. ऐरोली व नेरूळ येथेही पालिकेच्या प्रशस्त इमारती झाल्या, पण डॉक्टर आणि परिचारिका यांच्या अभावी त्यांतले कित्येक विभाग दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने चालू शकले नाहीत. उद्घाटनाच्या कोनशिलेवर खाटांची संख्या कोरता येते; मंजूर पदांची संख्या कोणी कोरत नाही.

या शहराच्या नियोजनातली ही मूळ खोट आहे. भूखंडांचे नियोजन झाले, माणसांचे झाले नाही.

आता या व्यवस्थेत एखाद्या तरुण डॉक्टरच्या आयुष्याचे काय होते ते पाहू. पालिकेच्या रुग्णालयात त्याला अनुभव अफाट मिळतो. दिघ्याच्या झोपडपट्टीतला क्षयरोगी, तुर्भ्याच्या दगडखाणीतला मजूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात हात गमावलेला कंत्राटी कामगार, सारे त्याच्याच दारी येतात. परंतु तीन-चार वर्षांनी, हात तयार झाल्यावर, त्याच्यापुढे पायरी नाही. वरिष्ठ पदे रिक्त आहेत, ती भरण्याची निकड कोणाला नाही, आणि आकृतिबंधाची फाईल पालिका व मंत्रालय यांच्या दरम्यान संथपणे येरझारा घालीत असते. भूलतज्ज्ञ निघून गेला की शस्त्रक्रियागृह बंद पडते, आणि रुग्णाला चिठ्ठी मिळते: शीव, केईएम किंवा जे. जे. खाडीपुलावरून रात्री धावणाऱ्या रुग्णवाहिकांचा मार्ग या रिकाम्या पदांनी आखून दिला आहे.

तो डॉक्टर जातो कोठे? बहुधा चार चौक पलीकडच्या खाजगी रुग्णालयात. तेथे शिडी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती उत्पन्नाच्या आकड्यांची शिडी आहे. आरंभी काही महिने किमान उत्पन्नाची हमी, त्यानंतर जेवढे रुग्ण तेवढे पैसे. आणि दरमहा व्यवस्थापनाबरोबर बैठक, जीत बाह्यरुग्ण विभागात आलेल्यांपैकी किती जण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले याचा हिशेब मागितला जातो. हा आमचा कल्पनाविलास नव्हे. डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात अनेक डॉक्टरांच्या साक्षी एकत्र केल्या आहेत. ज्याला औषधाने बरे करता येईल त्याच्यावर शस्त्रक्रिया न करणारा शल्यचिकित्सक या पद्धतीत अकार्यक्षम ठरतो. ज्या गुणासाठी समाजाने त्याला मान द्यावा, त्याच गुणासाठी त्याची बढती अडते. याहून मोठी व्यावसायिक आपत्ती आम्हांला तरी ठाऊक नाही. आणि या झगमगाटाच्या तळाशी, रात्रपाळीला अतिदक्षता विभाग कोण सांभाळतो? पुष्कळ ठिकाणी आयुर्वेद वा होमिओपॅथीची पदवी घेतलेला, तुटपुंज्या पगारावरचा निवासी वैद्यकीय अधिकारी, ज्याच्या नावाची पाटी दर्शनी दालनात कधीच लागत नाही.

यावर आमचे काही सहकारी विचारतील, डॉक्टरांसाठी समाजवाद्यांनी अश्रू ढाळण्याचे कारण काय? हा वर्ग सुखवस्तू आहे. अभिमत विद्यापीठांत वर्षाला पंचवीस-तीस लाखांच्या घरात शुल्क भरणारी मुले डॉक्टर होतात. शासकीय महाविद्यालयात जनतेच्या पैशावर शिकलेल्यांपैकीही काही जण एक वर्षाची ग्रामीण सेवा टाळण्यासाठी दहा लाखांचा दंड मोजण्यास तयार असतात. या आक्षेपात तथ्य आहे. १९८३ साली विनाअनुदानित महाविद्यालयांची दारे उघडण्यात आली तेव्हाच समाजवादी विचारांच्या मंडळींनी पुढचा धोका सांगितला होता: जो पदवी विकत घेईल, तो ती व्याजासह वसूल करील. अशांची वकिली आम्ही करीत नाही. परंतु सारे डॉक्टर एका मापाने मोजणे हा आळस आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून, शिष्यवृत्तीवर येऊन रुग्णालयाच्या वसतिगृहात तिघां-चौघांत एक खोली वाटून राहणारा मुलगा हाही डॉक्टरच आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी २०१९ च्या मे महिन्यात मृत्यूला कवटाळते आणि जातीवरून झालेल्या छळाचा आरोप पुढे येतो, तेव्हा या व्यवसायाच्या आतही समाजातली उतरंड जशीच्या तशी नांदत असल्याचे दिसते. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांहून व सलग १२ तासांहून अधिक काम सामान्यतः देऊ नये असे केंद्राने १९९२ सालीच सांगितले होते. २०२३ च्या नव्या नियमावलीत तो आकडा गळाला आणि ‘वाजवी’ एवढाच शब्द उरला. छत्तीस तास न झोपलेल्या माणसाच्या हाती शस्त्र देणे कोणत्या अर्थाने वाजवी, हे नियम करणाऱ्यांनीच सांगावे.

आणि पद रिक्त राहिल्याची किंमत मोजतो कोण? ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या कळव्याच्या ठाणे महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. दोन महिने लोटतात न लोटतात तोच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. त्यानंतर एका खासदाराने तेथील अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. स्वच्छतेचे काम हलके असते असे आम्ही म्हणणार नाही. साने गुरुजींच्या परंपरेत ते म्हणताही येणार नाही. पण पदे ज्यांनी भरली नाहीत, औषधखरेदी ज्यांनी रखडवली, त्या सत्तेच्या प्रतिनिधीने झाडू दुसऱ्याच्या हाती द्यावा, यात न्याय कोठला? हेच वरचे वर्तन पाहून खालचा जमाव शिकतो. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला झालेली निर्घृण मारहाण महाराष्ट्र विसरलेला नाही. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासून आहे. परंतु ज्या रुग्णाच्या नातेवाइकाला रात्री दोन वाजता डॉक्टरच भेटत नाही, त्याचा संताप कायद्याचे पुस्तक उघडून शांत होत नाही. २०२३ च्या जानेवारीत राज्यातले निवासी डॉक्टर संपावर गेले तेव्हा त्यांच्या प्रमुख मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १४३२ पदे निर्माण करण्याची मागणी होती. वृत्तपत्रांनी ‘रुग्ण वेठीस’ असे मथळे दिले. रुग्णांसाठी अधिक हात मागणारा संप रुग्णविरोधी कसा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

डॉक्टरांच्या नोकरीची बढती हा सार्वजनिक प्रश्न असू शकतो, हे या महानगराला एके काळी ठाऊक होते. १९२६ साली परळला केईएम रुग्णालय आणि गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा देणगीदारांची अट होती की तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असावेत. कारण सरकारी रुग्णालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांनी अडवून ठेवल्या होत्या. स्वातंत्र्य चळवळीतले डॉ. जीवराज मेहता या संस्थेचे पहिले भारतीय अधिष्ठाते होते. १९४६ च्या भोर समितीने तर पूर्णवेळ, पगारी, खाजगी व्यवसाय न करणाऱ्या डॉक्टरांच्या बळावर देशाची आरोग्यसेवा उभारावी असे सांगितले. ऐंशी वर्षांनंतर आपण डॉक्टरला पूर्णवेळ राबवतो, पण पूर्णवेळ नेमत नाही.

याच नवी मुंबईत मशीद बंदरहून आलेला घाऊक बाजार आहे. तेथे पाठीवर पोते वाहणाऱ्या माथाडीला १९६९ च्या कायद्याने मंडळ मिळाले. मालक बदलला तरी त्याची नोंद टिकते, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान टिकते. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केले. बाबा स्वतः वैद्य होते, आणि हमालांसाठी त्यांनी दवाखाना मागे टाकला. त्या बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या पालिका रुग्णालयात कराराची मुदत संपताच डॉक्टरची सारी नोंद पुसली जाते. याला डॉक्टरही काही अंशी जबाबदार आहेत. आपण श्रमिक आहोत हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाही उद्योगाच्या व्याख्येत आणले. कक्षसेवकाने त्याचा अर्थ ओळखला, डॉक्टरने नाही. परिचारिका आणि कंत्राटी सफाई कामगार संपावर जातात तेव्हा डॉक्टरांची संघटना सहसा गप्प असते, आणि डॉक्टर संपावर गेले की ते दोघे गप्प बसतात. प्रशासनाला याहून सोयीचे दुसरे काय हवे?

मे २०२० पासून सुमारे पावणेसहा वर्षे नवी मुंबईत लोकनियुक्त सभागृह नव्हते. याच काळात कोविडची साथ आली. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात मोठे उपचार केंद्र उभारले गेले, करारावर डॉक्टर व परिचारिका घेतल्या गेल्या, त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या, आणि लाट ओसरताच करार संपले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली असून आता उत्तर देण्यास नगरसेवक आहेत. पालिकेने स्वतःचे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणही सुरू केले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. पण शिकविणाऱ्यांच्याच जागा कायम नसतील तर विद्यार्थी शिकून पुन्हा चार चौक पलीकडेच जातील. म्हणून आमची मागणी साधी आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली व बेलापूर येथील प्रत्येक रुग्णालयात मंजूर पदे किती, कायम भरलेली किती, ठोक मानधनावरची किती आणि रिक्त किती, याचा तक्ता बिंदुनामावलीसह अंदाजपत्रकाला जोडावा आणि त्या-त्या रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीशेजारी लावावा. करारावर सलग काम केलेल्या डॉक्टरांचा अनुभव सरळसेवा भरतीत गुणांसह धरावा. तक्ता छापण्यास पालिका तयार नसेल, तर माहितीच्या अधिकारात तो मिळवून लावण्याचे काम आमच्या वॉर्डावॉर्डांतल्या कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकाची सभा भरण्यापूर्वी हाती घ्यावे. माथाडी, घरकामगार आणि परिचारिका यांच्या संघटनांना सोबत घ्यावे, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही एकदा विचारून पाहावे, सही करता का.