अकरा नंबरची जर्सी आणि गुणवत्तेची ओरड

आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे 'गुणवत्ता' या शब्दाचा जप सुरू होतो. कोर्टातल्या बार रूमपासून ते वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत हा जप आम्ही गेली वीस वर्षे ऐकत आहोत. जप करणाऱ्यांना आम्ही आज एका खेळाडूची हकीकत ऐकवू इच्छितो. त्याचे नाव चेस्टर विल्यम्स. तो क्रिकेटपटू नव्हता, म्हणून आपल्या वाचकांपैकी अनेकांना त्याचे नाव नवे वाटेल. तो दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा विंगर होता.

रग्बी युनियनच्या संघात 15 खेळाडू असतात. 8 फॉरवर्ड आणि 7 बॅक. फॉरवर्डांनी ढकलाढकली करून चेंडू मिळवायचा आणि बॅकनी तो घेऊन पळायचे, असा साधारण हिशेब. त्यातही मैदानाच्या दोन्ही कडांना जे दोन विंगर उभे असतात, त्यांचे काम वेगाचे. डाव्या विंगरची जर्सी 11 नंबरची. विल्यम्स ती घालत असे.

तो 1970 साली केप प्रांतातील पार्ल या गावी जन्मला. वर्णभेदी सरकारने 1950 च्या कायद्याने प्रत्येक माणसाची जन्मतःच नोंद करून त्याच्यावर वंशाचा शिक्का मारण्याची व्यवस्था केली होती. विल्यम्सच्या वाट्याला 'रंगीत' हा शिक्का आला. कोणत्या वस्तीत राहायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, हे सारे त्या शिक्क्यावर ठरायचे. जन्मावरून जागा ठरवणारी व्यवस्था म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रग्बी हा तिकडे गोऱ्या आफ्रिकानेर समाजाचा जणू धर्मच होता. 'स्प्रिंगबॉक' हे हरीण त्यांच्या छातीवर असे आणि काळ्या जनतेला ते चिन्ह मालकाच्या चाबकासारखे वाटे. 1981 पर्यंत त्या संघात एकही बिगर-गोरा खेळला नव्हता. त्या वर्षी मे महिन्यात आयर्लंडविरुद्ध एरॉल टोबायस हा पहिला उतरला. नंतर 1984 साली इंग्लंडविरुद्ध एव्हरिल विल्यम्स खेळला. हा आपल्या चेस्टरचा काका. टोबायस 6 कसोटी खेळला आणि त्या सहाही कसोटी दक्षिण आफ्रिकेने जिंकल्या. पण गोरे त्याला शोभेची बाहुली म्हणत आणि वर्णभेदविरोधी क्रीडा चळवळीतले आपलेच लोक त्याला राजवटीचा मोहरा म्हणत. चळवळीची भूमिका स्पष्ट होती. समाजच विकृत असेल तर त्यातला खेळ निकोप असू शकत नाही. आम्हाला ती भूमिका आजही बरोबर वाटते. तरीही एकट्या खेळाडूच्या पाठीवर दोन्हीकडून पडलेल्या त्या ओझ्याचा हिशेब कोणी मांडला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

चेस्टर विल्यम्सने ते ओझे वारशात घेतले. नोव्हेंबर 1993 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला. 1995 साली विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत भरली. वर्णभेदामुळे 1987 आणि 1991 च्या स्पर्धांना हा देश मुकला होता. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम वर्ष झाले होते. जगाला 'एक संघ, एक देश' दाखवायचा होता आणि दाखवायला संघात बिगर-गोरा चेहरा होता एकच. तो चेहरा फलकांवर झळकला, जाहिरातींत झळकला. आणि ऐन वेळी मांडीचा स्नायू दुखावल्याने तो माणूसच संघाबाहेर गेला! फलक मात्र जागच्या जागी राहिले.

पुढे जे घडले ते गुणवत्तावाद्यांनी कान देऊन ऐकावे. 3 जूनला कॅनडाविरुद्धच्या सामन्यात हाणामारी झाली आणि विल्यम्सच्या जागी खेळणारा पीटर हेंड्रिक्स निलंबित झाला. विल्यम्सला परत बोलावण्यात आले. 10 जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर उपउपांत्य सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्याने एकट्याने 4 ट्राय केले. एका ट्रायचे 5 गुण. संघाच्या 42 गुणांपैकी 20 गुण या एका माणसाचे! डर्बनच्या पावसाने भिजलेल्या मैदानावर उपांत्य सामना फ्रान्सविरुद्ध 19-15 असा जिंकला. 24 जूनला न्यूझीलंडविरुद्ध जादा वेळेत 15-12 असा विजय मिळवून चषक जिंकला. मंडेलांनी स्प्रिंगबॉकची जर्सी घालून तो गोऱ्या कर्णधाराच्या हाती दिला. ते छायाचित्र जगभर गेले. 2009 साली त्यावर हॉलिवूडने चित्रपटही काढला.

छायाचित्रात जे दिसत नाही ते विल्यम्सने 2002 साली सांगितले. मार्क किओहेन या पत्रकाराने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ड्रेसिंग रूमचे दार उघडले गेले. देशांतर्गत सामन्यात एका गोऱ्या खेळाडूने आपल्याला काळ्यांसाठीची सर्वांत घाणेरडी शिवी दिली आणि आमचा खेळ तू कशाला खेळतोस, असे विचारले, असे त्याने नोंदवले. हा खेळाडू राष्ट्रीय संघातला त्याचा सहकारी होता. संघात असून आपण एकटे होतो, आपल्याला खेळाडू म्हणून नव्हे तर कोट्यातला म्हणून पाहिले जाई, हे त्याने सांगितले. लगेच ओरड झाली. इतकी वर्षे गप्प का होता? पुस्तक खपवायचे आहे का? एकीच्या सुंदर गोष्टीला डाग कशाला लावता?

वकील म्हणून आम्हाला हा प्रश्न फार ओळखीचा आहे. अत्याचाराची फिर्याद घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न हाच विचारला जातो. उशीर का केला? संघात जागा कोणाच्या मर्जीवर आहे, बोलल्यावर ती राहील काय, हे ज्याला रोज मोजावे लागते त्याच्या गप्प बसण्याला संमती समजणे हा शुद्ध कांगावा आहे.

आणि त्याचे म्हणणे जुन्या काळातले होते असेही नाही. पुस्तक आल्यावर वर्षभरातच, ऑगस्ट 2003 मध्ये, राष्ट्रीय संघाच्या शिबिरात गेओ क्रोन्ये या गोऱ्या खेळाडूने क्विंटन डेव्हिड्स या बिगर-गोऱ्या खेळाडूबरोबर खोलीत राहण्यास नकार दिल्याचे प्रकरण गाजले. शिस्तभंगाच्या सुनावणीत वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितलेच पाहिजे. पण संघाच्या माध्यम अधिकाऱ्याने संघातल्या वातावरणावर बोट ठेवून राजीनामा दिला. तो अधिकारी म्हणजे तोच किओहेन.

आता आकडे पाहू. 1995 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या 15 मध्ये बिगर-गोरे 1. 2007 साली पॅरिसमध्ये पुन्हा विश्वचषक जिंकला, तेव्हा ब्रायन हबाना आणि जे. पी. पीटरसन असे 2. दोघेही विंगर! म्हणजे कडेला पळायला चालतात, मधे उभे राहून डाव रचायला चालत नाहीत. बारा वर्षांत वाढला एक माणूस. सगळे काही आपोआप सुधारते, सक्ती कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा वेग लक्षात घ्यावा. मग रग्बी संघटनेने 2019 च्या विश्वचषकापर्यंत संघात निम्मे बिगर-गोरे असावेत असे लेखी उद्दिष्ट ठेवले. त्यावरही गुणवत्ता बुडाल्याची बोंब झालीच. 2008 साली पार्लचाच पीटर डी व्हिलियर्स पहिला बिगर-गोरा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला, तेव्हाही हेच. त्याच्या संघाने 2009 साली ब्रिटिश-आयरिश लायन्सना हरवले आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसह होणारी तिरंगी स्पर्धाही जिंकली.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेतील कलम 9(2) म्हणते की अन्यायाने मागे ठेवलेल्यांसाठी खास उपाय करता येतील. 2004 साली व्हॅन हीर्डन प्रकरणात तेथील घटनापीठाने सांगितले की असे उपाय समतेला अपवाद नसून समतेचाच भाग आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली एन. एम. थॉमस प्रकरणात अनुच्छेद 16(4) बद्दल हेच म्हटले होते. दोन देश, दोन न्यायालये, एकच उत्तर. आमच्या बार रूममधल्या विद्वानांना हे दोन्ही निकाल वाचायला सवड मिळत नाही, एवढेच.

विल्यम्सचे पुढचे आयुष्य चमकदार म्हणता येणार नाही. गुडघ्याच्या दुखापतींनी उमेदीची वर्षे खाल्ली. 27 कसोटी आणि 14 ट्राय या हिशेबावर 2000 साली त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. सात जणांच्या राष्ट्रीय संघाचा तो प्रशिक्षक झाला आणि 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्या संघाने कांस्यपदक मिळवले. पण पंधरा जणांच्या मुख्य संघाची सूत्रे त्याला कधीच मिळाली नाहीत. युगांडा, ट्युनिशिया, रुमानिया असे फिरत तो शेवटी वेस्टर्न केप विद्यापीठाच्या मुलांना शिकवू लागला. वर्णभेदी सरकारने 'रंगीत' मुलांना वेगळे ठेवण्यासाठी 1960 साली सुरू केलेली आणि पुढे त्याच सरकारविरुद्धच्या लढ्याचे ठाणे बनलेली ही संस्था. 6 सप्टेंबर 2019 रोजी वयाच्या 49 व्या वर्षी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर 57 दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, जपानमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. लेखी उद्दिष्ट पुरते गाठले गेले नव्हते, पण पंधरांत सहा जण बिगर-गोरे होते आणि कर्णधार होता झ्वीडे या काळ्या वस्तीतला सिया कोलिसी. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडला 32-12 असे हरवले. 1995 आणि 2007 या दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांना एकही ट्राय करता आला नव्हता. यावेळी दोन झाले. दुसरा चेस्लिन कोल्बे या केपच्या मुलाने केला. पहिला केला माकाझोले मापिम्पीने. तो ईस्टर्न केपमधल्या खेड्यातला, कोणत्याही नामवंत रग्बी-शाळेची पायरी न चढलेला. त्याच्या पाठीवर आकडा होता 11.